पाय सुजलाय, पण दुखत नाही

पारोळ्याकडच्या एका गावात, धाब्याच्या घरात, तेवीस वर्षांचा पोरगा खाटेवर पडून होता. शेळ्यांसाठी पाला तोडायला निंबावर चढला आणि फांदीसकट खाली आला. पाठीचा मणका मोडला, आतल्या मज्जारज्जूला मार बसला, ऑपरेशन झालं, स्क्रू-रॉड बसले आणि विसाव्या दिवशी सुट्टी होऊन तो घरी आला. दोन्ही पाय हलत नव्हते, चिमटा काढला तरी कळत नव्हता. मी फिजिओथेरपिस्ट; घरच्यांना व्यायाम शिकवायला गेलो होतो.

त्याची आई पायथ्याशी बसून वाटीतलं कोमट तेल डाव्या पोटरीला चोळत होती. चांगलं जोर लावून, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. मला बघून म्हणाली, "पाय सुजेल शे, पन दुखस नही." चांगली बातमी सांगावी तशी.

"मावशी, आधी हात काढा," मी म्हटलं.

घरात शिलाई मशीन होतं, त्याच्यावरचा टेप घेतला. उजवी पोटरी ३२ सेंटिमीटर, डावी ३६. हात लावून पाहिलं तर डावा पाय गरम. संध्याकाळपर्यंत धुळ्याला डॉपलर, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी झाली आणि मांडीच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टर लोक याला डीव्हीटी म्हणतात: पायातल्या खोल शिरेत रक्त साकळणं. ती गुठळी चोळताना सुटली असती तर तो सोनोग्राफीपर्यंत पोचला असता की नाही, मला सांगता येत नाही.

आधी एक घोळ निस्तरतो. आपल्याकडे सगळ्यालाच 'नस' म्हणतात. मणक्यात दबते तीही नस, सलाईन लावतात तीही नस, क्रिकेट खेळताना चढते तीही नस. त्यामुळे 'नस मोकळी व्हावी म्हणून चोळतोय' असं जेव्हा घरचे सांगतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात मज्जातंतू असतो आणि हाताखाली रक्ताची शिर असते. मज्जातंतू म्हणजे निरोप नेणारी वायर. शिर म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी नळी. मणक्याच्या दुखापतीत तुटते ती वायर. पण तिचे परिणाम नळीपर्यंत पोचतात, आणि ते कसे हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं.

पायातलं रक्त वर चढवणं हे विहिरीतलं पाणी वर काढण्यासारखं आहे. हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं, पण तिथून परत खेचून आणण्याची ताकद त्याच्यात फारशी नसते. ते काम पोटरी करते. आपण चालतो, नुसते उभ्या उभ्या पाय बदलतो, तेव्हाही पोटरीचे स्नायू आवळतात आणि त्यांच्यामध्ये असलेली शिर पिळली जाते. रक्त वर जातं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरेत जागोजागी पडदे असतात, आपल्या पंपाच्या फूटव्हॉल्वसारखे, पाणी वर जाऊ देतील पण माघारी येऊ देणार नाहीत असे. आता मोटारच बंद पडली तर? फूटव्हॉल्व शाबूत असून काय उपयोग, पाणी जागच्या जागी उभं राहतं. लकवा पडलेल्या पायाचं नेमकं हेच होतं. आणि ज्या पडद्यांनी रक्त धरून ठेवायचं, त्यांच्याच मागच्या खोबणीत ते सगळ्यात संथ होतं आणि गुठळीची सुरुवातही बहुतेकदा तिथेच होते.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. शिरांच्या भिंतींना थोडासा ताण असतो, त्या अगदी ढिल्या नसतात. हा ताण ठेवण्याचे हुकूमही मेंदूकडून मज्जारज्जूतूनच खाली येतात. रज्जूला मार बसला की ते हुकूम थांबतात, शिरा सैल पडतात, फुगतात, आणि त्यांच्यात जास्त रक्त तुंबून राहतं. म्हणजे पाय मोडून प्लॅस्टरमध्ये सहा आठवडे पडलेला माणूस आणि मज्जारज्जूचा पेशंट, दोघंही खाटेवरच, पण दोघांचा धोका सारखा नाही.

तिसरी गोष्ट रक्ताची. शरीराला मोठा मार बसला की ते रक्तस्राव थांबवायच्या तयारीला लागतं. रक्त साकळवणारी प्रथिनं वाढतात, प्लेटलेट्स चिकट होतात, आणि साकळलेलं विरघळवण्याची शरीराची जी स्वतःची यंत्रणा असते ती मंदावते. निंबावरून पडलेल्या माणसाच्या जखमा बुजायला हे बरंच आहे. पण तेच रक्त पायात तुंबून उभं असतं.

संथ प्रवाह, शिरेच्या भिंतीला इजा आणि साकळायला उतावीळ झालेलं रक्त ही तीन कारणं वैद्यकात रुडॉल्फ विर्को या जर्मन डॉक्टरच्या नावानं ओळखली जातात. फुफ्फुसात सापडणारी गुठळी बऱ्याचदा पायातून वाहत आलेली असते, हे त्यानं १८५० च्या सुमारास दाखवून दिलं. मज्जारज्जूच्या ताज्या दुखापतीत ही तिन्ही कारणं एकाच वेळी हजर असू शकतात. म्हणूनच, प्रतिबंधक औषधं देत नसत त्या काळातल्या काही तपासण्यांमध्ये अशा पेशंटपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या पायात गुठळ्या सापडल्या होत्या. सगळ्याच गुठळ्या धोक्याच्या नसतात, पोटरीतल्या छोट्या कित्येक आपोआप विरतात. गुडघ्याच्या वर मांडीत गेलेली मात्र मोठी असते आणि सुटून वर जाण्याची भीती तिचीच जास्त.

मग ती जाते कुठे? मांडीतून पोटातल्या मोठ्या शिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला, आणि हृदय तिला फुफ्फुसाकडे ढकलतं. तिथे नळ्या पुढे पुढे बारीक होत जातात आणि गुठळी अडकते. ठिबकच्या नळीत खडा यावा तसं; त्याच्या पुढच्या झाडांना पाणी नाही. छोटी अडकली तर दम लागतो, मोठी अडकली तर माणूस काही मिनिटांत जातो. याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरच्या पहिल्या वर्षातल्या मृत्यूंमागच्या प्रमुख कारणांत ते आहे.

धोका सुरू होतो पहिल्या दोन-तीन दिवसांतच. पहिले दोन आठवडे सगळ्यात वाईट, आणि एकूण जोर पहिल्या तीन महिन्यांचा. आता हिशोब मांडा. ऑपरेशन होऊन, टाके निघून, पेशंट घरी येतो तेव्हा साधारण तीन-चार आठवडे झालेले असतात. म्हणजे धोक्याच्या काळातला मोठा भाग हॉस्पिटलमध्ये नाही, आपल्या खाटेवर जातो. आमच्या भागात घसरगुंडी होते ती इथेच.

या पोराच्या डिस्चार्ज कार्डावर 'इंजेक्शन चालू ठेवा' असं एका ओळीत लिहिलेलं होतं. कशाचं, का, किती दिवस, हे घरच्यांना कुणी बसून सांगितलं नव्हतं. गावात रोज इंजेक्शन द्यायला कोण येणार? शिवाय शेजारच्या एकानं सांगितलं होतं की ते रक्त पातळ करतं, आधीच एवढं रक्त गेलंय, पोरगा अजून अशक्त होईल. झालं, आठ दिवस इंजेक्शन बंद. मला त्या आईचा राग आला नाही. त्या एका ओळीचा आला.

'रक्त पातळ करणं' हा शब्दच फसवा आहे. ताकात पाणी घालावं तसं काही होत नाही. हिमोग्लोबिन कमी होत नाही, अशक्तपणा येत नाही. रक्तात साकळण्याची एक साखळी असते, एकानं दुसऱ्याला जागं करायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. हेपरिनच्या जातीचं औषध, म्हणजे असलं इंजेक्शन, ती साखळी मध्येच धरून ठेवतं. झालेली गुठळी ते स्वतः विरघळवतही नाही. ते तिला वाढू देत नाही आणि तेवढ्या वेळात शरीर आपल्या गतीनं तिचा निपटारा करतं. म्हणून कधीकधी महिनोन् महिने लागतात.

यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं म्हणजे एनोक्सापरिन. भरलेली छोटी सिरिंज येते, पोटाच्या कातडीखाली टोचायची. साधारणपणे रक्तस्रावाची भीती ओसरली की, शक्यतो पहिल्या ७२ तासांत, डॉक्टर ते सुरू करतात, आणि दुखापतीपासून कमीत कमी ८ आठवडे ते चालावं असं जाणकारांचं मत आहे. पाय पूर्ण लुळे असतील, सोबत मांडीचं हाड मोडलं असेल, वय किंवा वजन जास्त असेल, कॅन्सर असेल किंवा आधी कधी गुठळी झाली असेल, तर आणखी लांबवतात. डोस वजनावर आणि किडनीच्या कामावर ठरतो, त्यामुळे शेजारच्या पेशंटचा डोस आपल्याला लावू नये.

टोचणं घरात कुणीही शिकू शकतं. बेंबीपासून दोन इंच सोडून, रोज बाजू बदलून, कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसतो तो काढायचा नाही, तो मुद्दाम ठेवलेला असतो. पूर्ण डोस देताना तो काढायला गेलं की औषधही थोडं सांडतं. टोचल्यावर चोळायचं नाही, निळा डाग पडतो. त्या मावशींनी दोन दिवसांत शिकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याच मला सांगत होत्या, "कालची बाजू डावी होती, आज उजवी."

एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण नंतर कळली की माणसं दुखावतात: हेपरिन आणि एनोक्सापरिन डुकराच्या आतड्यापासून तयार होतात. कुणाला श्रद्धेमुळे ते नको असेल तर डॉक्टरांना आधी विचारावं. फोंडापरिनक्स हे पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेलं औषध पर्याय म्हणून आहे. गुपचूप बंद करण्यापेक्षा विचारलेलं कधीही बरं.

आता मालिशबद्दल. खान्देशात लुळ्या अंगाला तेल लावणं हे सेवेचं पहिलं रूप आहे, ते मी मोडू बघत नाही. पाय सुजलेला नसेल, दोन्ही सारखे असतील, तर हलक्या हातानं तेल लावा, कातडी मऊ राहते. पण नव्यानं सुजलेला, गरम लागणारा पाय चोळायचा नाही, शेकायचा नाही, क्रेप बँडेज गच्च आवळायचं नाही, आणि 'हात बसवणाऱ्या'ला तर अजिबात बोलवायचं नाही. आम्ही शिकवलेले सांध्याचे व्यायामसुद्धा तपासणी होऊन औषध सुरू होईपर्यंत त्या पायाला थांबवायचे. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पुन्हा सुरू. (व्यायामानं सांधे मोकळे राहतात. पण नुसत्या व्यायामानं गुठळी टळते असं मात्र धरून चालू नका. दुसऱ्यानं हलवलेला पाय तो पंप पुरता चालवत नाही.)

घट्ट मोजे आणि हवेनं पाय दाबणारी मशीन हॉस्पिटलात लावतात, विशेषतः औषध देता येत नाही तेव्हा. मोज्यांचा घरी वापर करायचा तर मापाचे घ्या आणि दिवसातून दोनदा काढून कातडी बघा. सुरकुती पडलेला मोजा लुळ्या पायावर तासन्‌तास राहिला तर जखम होते आणि पेशंटला पत्ता लागत नाही. तीच गोष्ट लघवीच्या पिशवीच्या पट्ट्याची. पोटरीभोवती आवळलेला पट्टा म्हणजे शिरेवर ठेवलेलं बोट. गुडघ्याखाली जाड उशी कायम ठेवणं, बाजेच्या काठावर पोटरी दाबली जाईल असं बसवणं, हेही टाळा.

मूळ मुद्दा दुखण्याचा. तुमच्या-माझ्या पोटरीत गुठळी झाली तर पाय टाकवत नाही, आपण स्वतःच डॉक्टरकडे जातो. या पेशंटची घंटीची वायरच तुटलेली. म्हणून दुखण्याचं काम टेपनं करायचं. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. तिथून १० सेंटिमीटर खाली बॉलपेननं खूण करा, दोन्ही पायांना. रोज सकाळी, पेशंट आडवा असताना, त्याच खुणेवर माप घ्या आणि लिहा. दोन पायांत ३ सेंटिमीटरहून जास्त फरक डॉक्टर ठळक लक्षण धरतात, पण घरी तेवढी वाट बघू नका. एका पायाचं माप एक-दीड सेंटिमीटरनं नव्यानं वाढलं, की फोन करा. मांडीही बघा. अंगात बारीक ताप, पायात अचानक वाढलेले झटके किंवा ताठरपणा, हेही निरोप असू शकतात. दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर, तर खालच्या कुठल्याही त्रासानं डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम फुटणं आणि बीपी एकदम चढणं असा प्रकार होतो. त्याची कारणं शोधताना लघवीची नळी आणि शौच आधी बघतात, पण पाय बघायचा विसरू नये.

प्रत्येक सूज गुठळीचीच असते असं नाही. अशा पेशंटमध्ये मांडीच्या सांध्याभोवती किंवा गुडघ्याजवळ नको तिथे हाड तयार होऊ लागतं, तेव्हाही पाय सुजतो आणि गरम लागतो. ठिसूळ झालेलं हाड कूस बदलताना मोडलं तरी सुजतो, कातडीत जंतुसंसर्ग झाला तरी सुजतो. डोळ्यांनी यातला फरक मलाही सांगता येत नाही. डॉपलरला येतो, आणि ती सुईविना, भूलविना होते. रक्ताची डी-डायमर नावाची तपासणी काही जण आधी करून घेतात. पण मोठ्या दुखापतीनंतर आणि ऑपरेशननंतर ती तशीही वाढलेलीच असते, म्हणून वाढलेल्या आकड्यावरून गुठळी ठरत नाही.

अचानक दम लागला, छातीत किंवा खांद्यात दुखलं, नाडी जोरात धावू लागली, चक्कर आली, खोकल्यातून रक्त पडलं, तर टेप शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन. आणि फोनवर पहिलं वाक्य हे: "मज्जारज्जूच्या दुखापतीचा पेशंट आहे, एकदम दम लागलाय." मानेची दुखापत असेल तर छातीत दुखणं जाणवणारही नाही, फक्त श्वास आणि नाडी सांगतील. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ती वेळ सोबत न्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मुंबई-नाशिकचा रस्ता धरण्याआधी जवळ काय आहे ते बघा.

गुठळी सापडली तर उपचाराचा डोस प्रतिबंधाच्या डोसपेक्षा मोठा असतो आणि निदान तीन महिने चालतो. पुढे गोळ्यांवर नेतात. जुनी गोळी वॉरफरीन, तिच्यासाठी रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त साकळायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) वरचेवर करावी लागते, आणि जेवणातल्या व्हिटॅमिन के शी तिचं भांडण आहे. म्हणजे मेथी, पालक, अंबाडी बंद करायची नाही, पण आठवडाभर काहीच नाही आणि एक दिवस पातेलंभर असं करायचं नाही. नव्या गोळ्यांना, रिव्हारोक्साबान किंवा अपिक्साबानला, ही कटकट नाही. 'केळी चालतील का?' हा आमच्याकडचा हमखास प्रश्न. चालतात, केळीत ते व्हिटॅमिन नावापुरतं असतं.

भाजीपेक्षा मला भीती वाटते ती मेडिकलवरून न विचारता आणलेल्या अंगदुखीच्या गोळीची. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या या औषधांसोबत पोटात रक्तस्राव घडवू शकतात. शौच काळी होणं, लघवीच्या पिशवीत लाली दिसणं, हिरड्यांतून रक्त थांबत नसणं, डोक्याला मार बसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

तीन महिन्यांनंतर धोका उतरतो. शरीर जुळवून घेतं, शिरा आकसतात, काहींच्या पायात ताठरपणा आला की तो थोडाफार पंपाचं काम करतो. पण धोका शून्य होत नाही. पुन्हा ऑपरेशन ठरलं, न्यूमोनिया झाला, मोठी जखम होऊन आठवडे पडून राहावं लागलं, की जुना हिशोब परत उघडतो. तेव्हा नव्या डॉक्टरला 'मागे गुठळी झाली होती' हे आपणच सांगायचं. आणि आपल्याकडचा मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, त्यात लघवीची पिशवी सारखी रिकामी करावी लागू नये म्हणून बरेच पेशंट पाणीच कमी पितात. दुखापतीच्या खालच्या अंगाला नीट घामही येत नाही, त्यामुळे अंग तापतं. पाण्याचं माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि ते पाळा.

त्या पोराची गुठळी विरली, पण शिरेचे एक-दोन पडदे कायमचे खराब झाले असावेत. संध्याकाळी डावा पाय थोडा जड होतो, रंगही किंचित गडद दिसतो. हे राहणार. म्हणून आम्ही त्याचं 'नेहमीचं माप' नव्यानं ठरवलं: उजवा ३१, डावा ३२. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मावशींनी ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, आणि टेप शिलाई मशीनवरून निघून खाटेशेजारच्या खिळ्याला टांगलाय.